उघडा ताका

भिवंडीतील एका कापडपेढीवर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तांबड्या वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो. वहीच्या पहिल्या पानावर आणि त्याच्या झाकणावर सारख्याच भक्तिभावाने कुंकवाचे स्वस्तिक उमटते. कोणत्या यंत्रमागधारकाला किती सूत दिले, कोणाकडून किती येणे, कोणत्या व्यापाऱ्याला कोणता भाव, हे सारे आता त्या यंत्रातच असते.

दोन वर्षांपूर्वी हेच भाव बाहेर फुटले. सलग तीन सौदे थोड्या पैशांच्या फरकाने हातचे गेले. संशय कोणी बोलून दाखवला नाही; पण तीस वर्षे पेढी सांभाळणाऱ्या मुनीमजींसमोर भावाचा विषय निघेनासा झाला. मुनीमजींनी ते ओळखले आणि तेही गप्प राहिले.

संगणकशास्त्र शिकलेल्या मुलाने शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. लॅपटॉप दुरुस्तीला गेला असताना दुरून पडदा पाहण्याची एक आज्ञावली त्यात घातली गेली होती आणि ती तशीच राहिली होती. पर्युषण तोंडावर होते. संवत्सरीच्या दिवशी शेठजी मुनीमजींच्या घरी गेले आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले. त्या वर्षी ते दोन शब्द केवळ रीतीचे नव्हते.

मुलाच्या मनातून मात्र एक प्रश्न जाईना. ही आज्ञावली वरच्या थरात होती म्हणून सापडली. खालच्या थराचे काय? पेढीचे शटर रोज मुनीमजी उघडतात. शेठजी येतात तेव्हा गादी अंथरलेली असते. संगणकातही कळ दाबताच, विंडोज जागे होण्याआधी, मदरबोर्डवरील चिपमधली आज्ञावली कामाला लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती बहुधा बंदिस्त असते. ग्राहकाला ती वाचता येत नाही. शिवाय इंटेलच्या चिपसंचांत ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र झोपलेले असतानाही तो जागा राहू शकतो. त्याच्या आज्ञावलीत गंभीर दोष असल्याचे नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द इंटेलने जाहीर केले.

यावर उपाय शोधणारेही आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ नावाने एक मुक्त फर्मवेअर सुरू झाले. २००८ पासून ते ‘कोअरबूट’ म्हणून ओळखले जाते. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते. ‘प्युरिझम’ आणि ‘सिस्टिम७६’ या अमेरिकी कंपन्या ते घातलेले लॅपटॉप विकतात. जादा पैसे दिल्यास प्युरिझम लॅपटॉपच्या स्क्रूंवर चमकीचे नखरंग लावून त्यांची छायाचित्रे ग्राहकाला वेगळी पाठवते. वाटेत कोणी यंत्र उघडले तर ते लक्षात यावे म्हणून. पार्सलावरच्या लाखेच्या मोहरेचेच हे नवे रूप.

मुलाने हे सांगताच शेठजींनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, “पण त्या कंपनीला आपण ओळखतो का?”

प्रश्न रास्त होता. याच प्युरिझमने २०१७ मध्ये आगाऊ पैसे घेऊन एक फोन जाहीर केला होता. तो जानेवारी २०१९ मध्ये मिळायचा होता. अनेकांच्या हाती तो पुष्कळ उशिरा पडला. आज्ञावली उघडी असली म्हणजे वायदा पाळला जातोच असे नाही. शिवाय आधुनिक इंटेल यंत्रांत कोअरबूटलाही इंटेलचे काही बंदिस्त भाग सोबत घ्यावेच लागतात.

“मग उघडे म्हणजे काय?” शेठजी म्हणाले.

उत्तर मुनीमजींनी दिले. “शेठ, ताका उघडा मिळाला म्हणून आपण डोळे मिटून घेत नाही. मधली घडी काढतो, भिंग लावून धागे मोजतो. बांधलेल्या गाठोड्यात तेही करता येत नाही. आणि जो व्यापारी ‘या मीटरला डाग आहे’ असे आपणहून सांगतो, त्याचा पुढचा माल घ्यायला मन कचरत नाही.”

परदेशी यंत्र महाग पडले असते आणि त्याची दुरुस्तीही जवळपास झाली नसती. म्हणून मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून २०१२ च्या बनावटीचा जुना थिंकपॅड एक्स-२३० आणला. मदरबोर्डवरील चिपला चिमटा लावून त्यात कोअरबूट भरले आणि मॅनेजमेंट इंजिनचा जेवढा भाग काढता येतो तेवढा काढला. तो पूर्ण निघत नाही, हे त्याने घरात स्पष्ट सांगितले. या यंत्रावर फक्त हिशेब होतो. ते इंटरनेटला जोडलेले नाही.

गेल्या दिवाळीला वहीशेजारी तेच यंत्र होते. स्वस्तिक काढण्यासाठी शेठजींनी कुंकवाची वाटी हाती घेतली, क्षणभर थांबले आणि ती मुनीमजींपुढे केली.