उंबरठा, टँगो आणि आबा

गेल्या शनिवारी साल्साच्या क्लासला दांडी मारून मिरजगावला गेलो. (हो, साल्सा. ऑफिसात हसून झालंय सगळ्यांचं.) आबांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, पण उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गेल्या महिन्यात तिथेच पडले आणि तेव्हापासून अंगणातही येईनात.

जायच्या आधी जरा वाचलं होतं. लॅटिन नृत्य आणि तब्येत यावर बरंच संशोधन झालंय. शिकागोच्या ‘बायलामोस’ प्रकल्पात तर वयस्कर लॅटिनो मंडळींना साल्सा, बचाता, मेरेंगे, चा-चा-चा शिकवतात. पण आमच्या कामाचा पेपर २००९ चा, हॅकनी आणि इअरहार्ट या दोघींचा. पार्किन्सन्सचे ५८ रुग्ण. काहींना अर्जेंटिनाचा टँगो, काहींना वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट, उरलेल्यांना काहीच नाही. १३ आठवड्यांत तासातासाचे २० क्लास. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल सुधारला. टँगोवाल्यांचा निदान तितका तरी, काही बाबतींत जास्त. टँगोत थांबणं, पुन्हा निघणं, मागे पाऊल टाकणं सारखं येतं, आणि या आजारात नेमकं तेच अडतं. आता इंजिनिअरची खोड: तिसऱ्या गटाला कुठलाच व्यायाम नव्हता. मग श्रेय नाचाचं की नुसत्या हालचालीचं? असो. पुण्यात हृषीकेश पवारांनीही पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतलेत, पण मिरजगावहून पुण्याला रोज कोण जाणार?

उंबरठ्याशी आबांचे दोन्ही हात धरले आणि मोजायला लागलो, ‘वन, टू, थ्री...’ आबा नुसते बघत राहिले. स्वयंपाकघरातून आजी ओरडली, “काय रं, ह्या वयात नाचाया लावतो व्हय त्यांना?”

मग आठवलं, आबा जत्रेत लेझीम खेळायचे. आजीला म्हटलं, थाळी वाजव, लेझमीची चाल. ती आधी लाजली, मग वाजवली. तिसऱ्या-चौथ्या ठेक्याला आबांचा उजवा पाय सुटला. उंबरठा ओलांडला! हात मी सोडले नव्हते, आणि माझेच थरथरत होते.

बाहेरचा ठेका मिळाला की अडलेलं पाऊल निघायला मदत होते, हे फिजिओथेरपीवाल्यांना जुनंच ठाऊक आहे. मला मात्र त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी पुन्हा अडले. थाळी वाजवूनही पाच मिनिटं हलले नाहीत. आबाच शेवटी वैतागून म्हणाले, “चाल चुकतीय तिची.”