काडतुसालाही हुडहुडी भरते

झोजी-ला ओलांडून आमची गाडी द्रासला पोचली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. महिना ऑक्टोबर. पुण्याहून निघताना सौभाग्यवतींनी बॅगेत कोंबलेले झाडून सारे लोकरी कपडे माझ्या अंगावर होते. तरी दात वाजायचे थांबेनात. चहाच्या टपरीत शिरलो मात्र, चष्म्यावर दाट धुके धरले! मी चाचपडू लागलो, तसे आमचे सहप्रवासी, साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार, मोठ्याने हसले.

"रायफलीचं बी असंच हुतं, साहेब. म्हणून थंडीत ती तंबूत न्यायची न्हाई. ऊब लागली की नळीत, दुर्बिणीत पानी धरतं. भाईर काढली की त्याचाच बरफ!"

सुभेदारांनी नोकरीतले दोन हिवाळे याच खोऱ्यात काढलेले. चहाचे दोन पेले होईतो त्यांनी मला जे शिकवले, ते शाळेतल्या मास्तरांना वर्षभरात जमले नव्हते. थंडीने काडतुसातली दारू मंद जळते आणि गोळीचा वेग घटतो. शिवाय हवा आकसते. तीस अंशांवरची हवा उणे वीसपर्यंत निवली, तर ती सुमारे वीस टक्क्यांनी दाट होते. मागून रेटा कमी, पुढून अडथळा जास्त. मग लांबची गोळी नेमाच्या खाली पडणारच. शंभर मीटरांवर फरक कळतही नाही. सहाशेवर मात्र निशाण हुकते. त्यात द्रास सुमारे ३,३०० मीटर उंचावर. येथली हवा मुळात विरळ, त्यामुळे ती गोळीला कमी अडवते. म्हणजे देशावरचा आकडा येथे चालत नाही, आणि येथला उन्हाळ्यातला हिवाळ्यात चालत नाही!

"पहिल्या हिवाळ्यात चांदमारीला मी उन्हाळ्यातलाच आकडा दुर्बिणीवर ठेवला," सुभेदार म्हणाले. "पाची गोळ्या निशाणाखालच्या बरफात! मी रायफलीला शिव्या घातल्या. तवा उस्ताद म्हनले, रायफल खोटं बोलत न्हाई. आज थंडी किती हाय, ते बघितलंस का?"

टपरीतून आम्ही हमरस्त्यावरच्या युद्धस्मारकाकडे गेलो. मागे तोलोलिंगचा उघडाबोडका डोंगर उभा होता. हिवाळ्यात रिकाम्या केलेल्या चौक्या घुसखोरांनी बळकावल्या, आणि १९९९ च्या उन्हाळ्यात आपल्या जवानांना खालून वर चढत जाऊन लढावे लागले. १३ जूनला तोलोलिंग परत आले, ४ जुलैला टायगर हिल. उन्हाळा म्हणायचा तो खालच्यांनी. त्या उंचीवर रात्री पाणी गोठते.

सुभेदार भिंतीवरची नावे बोटाने वाचत चालले होते. एका नावापाशी बोट थांबले. त्यांनी कानटोपी काढली.

"माझ्या हाताखाली चांदमारी शिकला हुता. निघताना त्याला येवढंच सांगितलं, वर गारठा लई, नेम परत बघून घे."

मला काय बोलावे सुचेना.

"घेतला असंल त्यानं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कानटोपी चढवून गाडीकडे वळले.