हरवणाऱ्या संदेशाचा माग

७ जुलै
बँग अँड ओलुफसेनच्या प्रोटोकॉलवरचा १९९७चा शोधनिबंध पुन्हा वाचायला घेतला. या डॅनिश कंपनीच्या ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांतले संदेश एकाच बसवरून, म्हणजे सामायिक वाहिनीवरून, जात. दोन उपकरणांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर टक्कर ओळखायची, हे प्रोटोकॉलचे मुख्य काम. असेम्ब्ली भाषेतल्या सुमारे २८०० ओळी, दहा वर्षांहून अधिक काळ वापरात. मधूनच एखादा संदेश गहाळ होतो हे कंपनीला ठाऊक होते. कारण मात्र टेस्टिंगमधून हाती लागत नव्हते.

८ जुलै
का लागत नसेल, यावर आज वर्गात बराच वेळ गेला. एकाच बसवर दोघे, प्रत्येक जण आपापल्या वेळेने चालणारा. एखादी सूचना इकडे अंमळ आधी, तिकडे अंमळ उशिरा चालली की घटनांचा क्रम बदलतो. असे क्रम अगणित. टेस्ट त्यातले मूठभर पाहते. डीबगर लावावा, तर त्यानेच वेळा बदलतात आणि चूक दडून बसते.

राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांच्या टाइम्ड ऑटोमॅटाचे, म्हणजे घड्याळे जोडलेल्या अवस्था-यंत्रांचे, मोल इथे कळते. घड्याळाची मूल्ये अनंत खरी, पण त्यांची तुलना ठरावीक पूर्णांकांशीच होत असेल, तर ती सगळी मोजक्या गटांत बसतात. गट सान्त, म्हणून एकूण एक तपासता येतात. आमच्या विषयात याहून देखणी कल्पना मला माहीत नाही.

१० जुलै
उप्साला आणि ऑलबोर्ग या विद्यापीठांनी मिळून घडवलेले उप्पाल हे मॉडेल तपासणारे साधन याच पायावर उभे आहे. प्रोटोकॉलचे मॉडेल त्यात घातल्यावर चुकीपर्यंत नेणारा माग त्याने आपोआप काढून दिला. जवळजवळ २००० पावलांचा! एवढी साखळी कोणता माणूस डोक्यात धरील? त्या मागावरून मूळ कोडमधला दोष सापडला, दुरुस्त झाला, आणि दुरुस्ती बरोबर असल्याचेही उप्पालनेच सिद्ध केले.

१३ जुलै
एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग टेस्टिंग सोडून द्यायचं का?"

अजिबात नाही. सिद्ध होते ते मॉडेल, यंत्र नव्हे. एखाद्या सूचनेला लागणारा वेळ मॉडेलमध्ये चुकीचा लिहिला, तर निर्दोष असल्याचा निकालही फसवा असतो. म्हणून वेळेचा प्रत्येक आकडा प्रत्यक्ष यंत्रावर मोजून घ्यावा.

पण ब्रेक, पेसमेकर, सिग्नल यांचा कोड ज्यांच्या हाती आहे, त्यांनी नुसत्या टेस्टिंगवर थांबू नये. कोड लिहिण्याआधी वेळेच्या मर्यादा मांडून मॉडेल तपासावे. शैक्षणिक वापरासाठी उप्पाल विनामूल्य मिळते.