झिलमिलीची खाच

खानापूर तालुक्यात ज्याने पावसाचे चार महिने काढले आहेत, त्यास झिलमिलीच्या खिडकीची थोरवी निराळी सांगावयास नको. काचेची खिडकी उघडावी तर पाऊस घरात येतो, मिटावी तर कपड्यांना बुरशी धरते. झिलमिली मात्र पावसास दाराबाहेर उभे करते आणि वाऱ्यास आत बोलावते. तिचे सारे मर्म झडपेच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांत पाडलेल्या तिरप्या खाचांत असते. पाती त्या खाचांत जशा बसतील तशी खिडकी वागते.

हे गणित मला आमच्या वडिलांनी लहानपणी शिकवले. आमच्या घरची पाती ४० मिलिमीटर रुंदीची. ती ४५ अंशांत तिरपी बसली की तिची उभी उंची सुमारे २८ मिलिमीटर भरते. म्हणून एका खाचेपासून दुसऱ्या खाचेचे अंतर २५ ठेवावयाचे. असे केले म्हणजे वरच्या पातीची खालची कड शेजारणीच्या वरच्या कडेहून किंचित खाली उतरते, आणि बाहेरून सरळ येणारी नजर अडते. अंतर ३२ धरले तर मध्ये फट राहते. मग ती झिलमिली कसली?

वडिलांनी केलेल्या पश्चिमेकडील चारही खिडक्या अखेर कुजल्या. एका झडपेस २४ पाती, म्हणजे ४८ खाचा. खिडकीस दोन झडपा. चार खिडक्यांच्या मिळून ३८४ खाचा. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, हे चाळीस वर्षांचे सुतार. एका पट्टीच्या चोवीस खाचा पटाशीने पाडण्यास त्यांना अर्धा दिवस पुरे होई. परंतु गेली दोन वर्षे त्यांचा उजवा हात कापतो. रंधा त्यांना अजून मारता येतो, कारण तो लाकडावर टेकलेला असतो व दोन्ही हातांचे वजन त्यास सावरते. पटाशीचे तसे नाही.

दादांच्या मुलाने बेळगावात, उद्यमबागेच्या बाजूस, भाड्याच्या शेडमध्ये संगणकावर चालणारे राऊटर यंत्र घेतले आहे, तेही बँकेचे कर्ज काढून. त्याने साहजिकच म्हटले, "पप्पा, खिडक्या मी करून आणतो." दादांनी उत्तर दिले, "बाबांच्या घरात यंत्राची खिडकी लागणार नाही." ह्यानंतर बापलेकांचे बोलणे जवळजवळ थांबले. रविवारी घरी येणारा मुलगा महिन्यातून एकदा येऊ लागला. वहिनींनी मला सांगितले, "भावोजी, तुम्ही तरी एकदा जाऊन बघा, ते यंत्र आहे तरी कसे."

मी गेलो. मोठ्या पलंगाएवढे टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारी एक कमान, तीवर डावी-उजवीकडे जाणारी मोटार, आणि मोटारीच्या टोकाशी वर-खाली होणारे कापणीचे हत्यार, ज्यास ते बीट म्हणतात. ते मिनिटास १८,००० फेरे घेते. सागवानात वाळूचा अंश असल्यामुळे साधे पोलाद लवकर बोथट होते, म्हणून त्याची धार कार्बाइडची. आकड्यांच्या हुकुमाने चालणारे असे पहिले कापणी-यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले. तेव्हा हुकूम भोके पाडलेल्या कागदी फितीवर लिहीत. आता तेच काम आमचा पुतण्या पडद्यावर करतो.

उभ्या पट्टीच्या खाचा यंत्राने सहज पाडल्या. त्या तिरप्या दिसतात खऱ्या, पण पट्टीच्या सपाटीवर काढलेल्या तिरप्या रेघाच त्या. लाकडात त्या सरळ खोल उतरतात. ८ मिलिमीटरचे बीट, १० मिलिमीटरची खोली, तीही एका दमात नव्हे, तीन फेऱ्यांत. पाचसहा मिनिटांत चोवीस खाचा! डाव्या पट्टीचा कल उजव्या पट्टीच्या उलट हवा, जसे आरशातील प्रतिबिंब; चांगल्या सुताराचीही येथे कधी गफलत होते, पण यंत्रास एक हुकूम पुरतो. गोल बिटाने पाडलेल्या खाचेचे टोक मात्र गोल राहते. बाबा ते पटाशीने काटकोनात आणीत; पुतण्याने त्याऐवजी पातींच्या कडाच गोल केल्या. मला हे बरे वाटले. चौकोनी कडेवर पाणी थांबते, गोल कडेवरून ओघळते.

अडचण आली ती आडव्या पट्ट्यांत. झडपेची सर्वांत वरची पाती वरच्या आडव्या पट्टीत शिरते, आणि सर्वांत खालची खालच्या. ह्या खाचेची रेघ लांबीस सरळ असते, पण तिच्या दोन्ही भिंती लाकडात ४५ अंशांनी कलत्या जातात. आणि यंत्राचे बीट तर सदैव ताठ उभे! टोकाशी निमुळते बीट लावले तर वर रुंद, तळाशी चिंचोळी अशी चर पडते. तीत पाती बसत नाही, डुगडुगते. मोटारच कलती करता येईल अशी यंत्रे आहेत. त्यांची किंमत आमच्या पुतण्याने मला सांगितलीही, पण ती येथे लिहून काय करावयाचे? हत्यार कलत नसेल तर लाकूड कलते करावे लागते. त्यासाठी पट्टी तिच्या एका कोपऱ्यावर उभी राहील असा लाकडी पाळणा हवा, आतून नेमका काटकोनी, दोन्ही बाजू टेबलाशी सारख्या ४५ अंशांत, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत केसभरही पीळ नसलेला.

पुतण्या म्हणाला, "काका, असा पाळणा पप्पांखेरीज कोणी करणार नाही. पण मी विचारू कसा?"

मी घरी येऊन दादांस निरोप तेवढा सांगितला. रदबदली केली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून जुन्या सागाची तुळई खाली उतरली आणि रंध्याचा आवाज सुरू झाला. तीन दिवस तो चालला होता. दर दहा-बारा हातांनी गुण्या लावावा, उजेडाकडे धरून डोळा मिटावा, पुन्हा रंधा घ्यावा.

पाळणा घेऊन दादा स्वतः बेळगावास आले. शेडमध्ये शिरताच त्यांनी धुळीवरून मुलास खडसावले, की तोंडाला फडके न बांधता हा भुसा छातीत घेतोस, हे कुठले शिक्षण? (ह्यात ते अगदी बरोबर होते, लाकडाच्या धुळीने कर्करोगही होतो, हे आता सिद्ध झालेले आहे.) मग एक टाकाऊ तुकडा पाळण्यात ठेवला. कलत्या सपाटीवर उतरणारे बीट प्रथम एकाच अंगाने लाकडास भिडते आणि घसरू पाहते, म्हणून पहिले फेरे एकेक मिलिमीटरचेच. खाच झाली. दादांनी तीत पाती उभी केली, फिरता गुण्या लावला, आणि मान हलवली.

पाती मात्र त्यांनी परत केल्या. त्या नेमक्या ८ मिलिमीटर जाडीच्या होत्या. "एप्रिलात हे लाकूड सुकलेले आहे. जुलैत फुगले म्हणजे जाईल कुठे? अर्धा मिलिमीटर काढ." पुतण्याने हा आकडा संगणकात घातला, आणि आपल्या वहीतही लिहून घेतला.

मे महिन्यात दोन खिडक्या बसल्या. दोन अजून व्हावयाच्या आहेत. त्या दिवशी परतीच्या बसची वाट पाहत असता दादांनी मुलास विचारले, "हप्ता किती भरावा लागतो रे तुला?" कर्ज काढल्यापासून त्यांनी हे प्रथमच विचारले होते. मुलाने आकडा सांगितला, आणि दोघे हिशेब करीत उभे राहिले.