बाहेरचा जिना

आमच्या वसईतील जुन्या घराच्या वाशांना वाळवी लागली आहे. घर पाडून इमारत उभारावी, की दुरुस्तीचा खर्च सोसावा, हा प्रश्न वर्षभर आमच्या मनात घोळत आहे. याच मनःस्थितीत आम्ही पतिपत्नी गेल्या मे महिन्यात एका आप्ताकडे, माझगावच्या म्हातारपाखाडीत गेलो होतो.

म्हातारपाखाडी हे मुंबईच्या पोटात टिकून राहिलेले ख्रिस्ती गावठाण. माझगाव हे मूळच्या सात बेटांपैकी एक. पोर्तुगीज अमलात येथील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली; घरातील बोली मात्र मराठीच राहिली. पुढे १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष काका बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ मध्ये याच पाखाडीत झाला. जवळच्या भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला त्यांचेच नाव आहे.

अरुंद गल्ली, कौलारू छपरे, लाकडी कठडे आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या ओट्या. आमचे लक्ष वेधले ते भिंतीबाहेरून वर जाणाऱ्या लाकडी जिन्यांनी. वरच्या मजल्यावर वेगळे बिऱ्हाड नांदले, तरी खालच्यांच्या माजघरातून जावे लागत नाही. परंतु चढता-उतरता ओटीवर बसलेल्यांशी दोन शब्द बोलल्यावाचून सुटकाही नाही. एकांत आणि शेजार यांचा असा मेळ त्या काळच्या सुतारांनी सहज साधला होता. वाडीच्या क्रूसापुढे जपमाळेसाठी माणसे जमली, तेव्हा याच जिन्यांवरून सारी खाली उतरली.

१९९५ च्या वारसा नियमावलीनंतर म्हातारपाखाडीची गणना वारसा परिसरात झाली. नियमाने पाडकामाला आळा बसतो. परंतु कुजलेला वासा बदलण्याचा खर्च घरधन्यालाच करावा लागतो. आणि भावंडांचे एकमत नसेल, तर कोणता नियम ते घर राखणार?

हा प्रश्न आम्हाला झोंबला. आमच्या घरालाही असाच बाहेरचा जिना आहे. वर धाकटे बंधू राहतात. वाटणीचा वाद झाल्यापासून ते मान खाली घालून उतरत, आणि आम्ही वर्तमानपत्रात डोके खुपसून बसत असू. वाळवीचा दोष लाकडाला देत होतो. घर पोखरले जात होते ते आमच्या अबोल्याने. क्रूसापुढे ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ असे म्हणताना आमचा स्वर अडखळला.

परतल्यावर, संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी, आम्ही जिन्याखाली उभे राहून बंधूंना हाक मारली. बराच वेळ वर शांतता होती. मग पायऱ्या करकरल्या.

घराचे काय करावयाचे, ते अद्याप ठरलेले नाही. परंतु त्याविषयीचे बोलणे आता ओटीवर होते, आणि दोघेही बसून होते.