मागच्या रांगेतल्या माणसासाठी

पुण्याच्या पेठांतले हलते देखावे ज्यांनी ऐंशीच्या दशकात पाहिले, त्यांना कुंभकर्ण आठवत असेलच. कुठल्या ना कुठल्या मंडळाकडे तो असायचाच. पोट वर-खाली व्हायचं, कॅसेटवर घोरणं चालू असायचं, भोवतीचे राक्षस ढोल बडवायचे, भाले टोचायचे. हा काही उठायचा नाही. पोरं ओरडायला लागायची, ‘अरे ऊठ की!’ आणि मग त्याचा एक डोळा उघडायचा. एकच. तेवढ्यावर अख्खा रस्ता हसायचा आणि पडदा पडायचा.

आमच्या मंडळाच्या कुंभकर्णाच्या पोटात गाडीच्या वायपरची मोटर होती, जुन्या बाजारातून आणलेली. तिच्यावर सायकलची चेन, दोन दातेरी चाकं आणि मुद्दाम वेडंवाकडं कापलेलं एक लाकडी चाक. त्याचा फुगीर भाग वर आला की पोट वर. पापणी दोरीवर चालायची. हे सगळं कधी व्हायचं ते ठरवायचा एक लाकडी रूळ. त्याला तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. रूळ सावकाश फिरे, पट्टी संपर्काला टेकली की तिचा दिवा लागे किंवा तिची मोटर सुरू होई. आज ज्याला प्रोग्राम म्हणतात तो तेव्हा खिळ्यांनी ठोकलेला असे. डोळा जरा उशिरा उघडायला हवा असं वाटलं, की पट्टी उपटायची आणि दोन बोटं पुढे ठोकायची. झाला बदल.

हे काम बघणारे अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. दिवसभर मायक्रॉनचा हिशेब आणि रात्री मांडवात सुतळी नि ग्रीस. चाचणी घेताना ते देखाव्याजवळ कधी उभे राहत नसत. रस्ता ओलांडून पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहत आणि तिथून ओरडत. पुढच्या रांगेतला माणूस आधीच खूश असतो, मागच्याला दिसलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. म्हणून बोटं हलवण्याच्या भानगडीत ते पडत नसत. मान, खांदा, डोळा, बस्स. आणि प्रत्येक हालचालीच्या आधी थोडा वेळ काहीच हलू द्यायचं नाही. गर्दी गप्प होते ती त्या थांबण्यानं, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

हे शहाणपण काही एकट्या पुण्याचं नव्हे. लंडनमध्ये १९२८ साली एका प्रदर्शनाचं उद्घाटन एरिक नावाच्या ॲल्युमिनियमच्या यंत्रमानवानं केलं. तो उठून उभा राहायचा, मान वळवायचा, हात हलवायचा आणि बोलताना त्याच्या दातांतून निळ्या ठिणग्या उडायच्या. ठिणग्यांचा बोलण्याशी काही संबंध नव्हता. पण शेवटच्या रांगेतून तोंड हललेलं दिसत नाही, ठिणगी दिसते. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात वेस्टिंगहाउस कंपनीनं इलेक्ट्रो आणला. सात फूट उंच, सोनेरी, फुगे फुगवणारा, चक्क सिगारेट ओढणारा. निवेदक टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये बोलून त्याला हुकूम द्यायचा आणि लोकांना वाटायचं, याला भाषा कळते. त्याला कळत होते ते फक्त आवाजाचे ठोके. किती शब्दावयव उच्चारले आणि मध्ये कुठे थांबलं, एवढ्यावर आतले रिले चालायचे. बोलायचा तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून. मला ही लबाडी वाटत नाही. अण्णांच्या रुळाचीच ती श्रीमंत आवृत्ती.

आता माझी पुतणी रोबो बनवते. कॉलेजातल्या मुलामुलींचा गट आहे. औद्योगिक प्रदर्शनं, शाळांचे विज्ञान दिन, कधी एखादा मॉल, अशा ठिकाणी गर्दी जमवणारा रोबो नेणं हे त्यांचं काम. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा ती कौतुकानं सांगत होती, ‘काका, हाताला सहा सांधे आहेत, पेन उचलून झाकण लावतो.’

मी विचारलं, ‘मान हलते का?’

‘मानेचं काय करायचंय? कॅमेरा छातीत आहे.’

पेनाला झाकण लावणं किती अवघड आहे ते इंजिनिअरला कळतं, आणि तो टाळ्या वाजवतो. दहा फुटांवरच्या बाईला पेनसुद्धा दिसत नाही. आजच्या पुष्कळशा प्रात्यक्षिकांचं हेच होतं: बनवणाऱ्याला जे अवघड गेलं ते दाखवायचं, बघणाऱ्याला काय भावेल ते राहून जातं. डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला सोफिया नावाची रोबो आली होती. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी बारीक हालचाली होतात. लोकांच्या लक्षात राहिली ती तिची साडी. त्याच वर्षी पुण्यातल्या एका कंपनीनं कारखान्यातला रोबोचा हात गणपतीला आरती ओवाळायला लावला, आणि तो व्हिडिओ घरोघरी पोचला. ना चेहरा, ना बोलणं. पण ओवाळणं म्हणजे मोठी, गोल, संथ हालचाल. ती मागूनही दिसते.

तेव्हाचं सगळं सोनं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. आमचा कुंभकर्ण रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यापुढेही तितक्याच निष्ठेनं डोळा उघडायचा. समोर कोण आहे हे त्याला कळायची सोयच नव्हती. पुतणीचा रोबो समोरचा चेहरा ओळखून त्याच्याकडे वळतो. पोर उजवीकडे पळालं की छाती उजवीकडे. हे अण्णांनी पाहिलं असतं तर त्यांनी रूळ चुलीत घातला असता.

शिवाय आम्ही दोरीच्या पलीकडे सुरक्षित होतो. यांचा रोबो थेट माणसांत उतरतो. मूल बोट घालणार हे धरून प्रत्येक सांध्याचा जोर मर्यादित ठेवावा लागतो. कोणी सेल्फीसाठी खांद्याला लटकलं तरी तोल जाऊ नये म्हणून बॅटऱ्या तळाशी. पाठीवर लाल बटण, दाबलं की सगळं बंद. गर्दीत हजारो फोन असतात, त्यात वायफाय गुदमरतं, म्हणून रिमोटची रेडिओ लिंक वेगळी. बोलून हुकूम देणं तर ढोल-ताशाजवळ विसरायचंच. होंडाचा असिमो नावाचा रोबो १३० सेंटिमीटरचाच ठेवला होता, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी डोळे भिडावेत म्हणून. आमची पुठ्ठ्याची सात-आठ फुटी धुडं आठवली की हे फार सभ्य वाटतं.

त्याच असिमोची एक गोष्ट मला जवळची वाटते. २००६ साली टोकियोतल्या एका प्रात्यक्षिकात तो जिना चढताना पडला, तेव्हा दिवे मंद करून माणसं धावत आली आणि त्यांनी त्याच्यापुढे पडदे धरले. एवढं पुढारलेलं यंत्र, पण उपाय मांडवातलाच! आमच्याकडे चेन उतरली की पडदा ओढायचा आणि कॅसेटवर आरती लावायची, हे ठरलेलं असे. पुतणीच्या रोबोला पडदा नव्हता. अडकला की सगळी टीम लॅपटॉपभोवती गोळा, आणि लोक पांगायला लागायचे. आता एक घडीचा पडदा सोबत असतो.

मानही आली. डिस्नेच्या बागेत २०२३ पासून फिरणाऱ्या त्या बदकासारख्या छोट्या रोबोंचे व्हिडिओ मी तिला दाखवले होते. ते तोल सांभाळायला संगणकातल्या आभासी जगात शिकलेले. पण मान तिरकी करून बघणं, लाजणं, पाय आपटणं हे ॲनिमेशनवाल्यांनी रचलेलं, आणि जवळच उभा माणूस गेमसारख्या रिमोटवरून ते चालवतो. पुतणीनं ते बघून सहा सांध्यांतले दोन काढले आणि मानेला दिले. पेनाचं झाकण गेलं. आता तिचा रोबो पोराकडे बघतो, थांबतो, मान कलती करतो आणि मग हात वर करतो. तो थांबण्याचा वेळ किती ठेवावा यावर आमचे बरेच फोन झाले.

एका बाबतीत मात्र जमत नाही. अण्णा सगळं कापडानं झाकायचे. चेन दिसली की कुंभकर्ण मेला, म्हणायचे. पुतणीला आतलं दिसायला हवंय. मुलं मोटर बघूनच प्रश्न विचारतात, हे तिचं म्हणणं. मी अण्णांची बाजू घेतली, पण फार ताणता आली नाही, कारण मंडळाची मागची कनात उचलून आत डोकावणाऱ्या आणि मग कान धरून हाकलल्या जाणाऱ्या पोरांत मीही असायचो. शेवटी रोबोला पुढून कापड आणि पाठीला पारदर्शक ॲक्रिलिक लागलं आहे. प्रदर्शनात पुढच्यापेक्षा मागेच जास्त गर्दी होते, असं ती सांगते. मी अजून बघितलेलं नाही.