पत्ते बदलणारे यंत्र

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांना पत्ता बदलल्याचे फारसे काही वाटत नाही. टपालकचेरीत एक अर्ज द्यावा, जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, की पत्रे उशिरा का होईना, नव्या बिऱ्हाडी येऊन पोहोचतात. संगणकाचे मात्र तसे नाही. नाव एका अक्षराने बदलले तरी तो तेथेच हटून बसतो. २०२३ साली कचेरीत नवे संगणक आले, तेव्हा याचा आम्हांला अनुभव आला.

निवृत्त होणाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचा ताळा पाहण्यासाठी आमच्याकडे एक लहानशी आज्ञावली होती. पक्का हिशोब सरकारी प्रणालीतच व्हायचा. ही आपली घरगुती सोय. आमच्याआधी त्या टेबलावर बसणाऱ्या एका हौशी गृहस्थांनी ती ‘पायथॉन’ या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिली होती. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्येच आली होती, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसरीची देखभालही बंद झाली. नव्या संगणकांवर फक्त तिसरी होती. जुनी आज्ञावली पहिल्याच ओळीला अडली.

या पहिल्या ओळी आयातीच्या असतात. भाषेच्या कोठारात पुष्कळ कामे तयार करून ठेवलेली असतात. आपण नाव घेऊन ती मागवायची. तिसऱ्या आवृत्तीत या कोठाराची फेरमांडणी झाली. महागाईभत्त्याचे दर वाचून देणाऱ्या ‘कॉन्फिगपार्सर’चे रोमन आद्याक्षर पूर्वी मोठे होते, ते लहान झाले. खिडकी उघडणाऱ्या ‘टीकेइंटर’चेही तेच. ‘स्ट्रिंगआयओ’ हा स्वतंत्र बिऱ्हाड मोडून ‘आयओ’च्या एकत्र कुटुंबात राहावयास गेला. ‘यूआरएललिब२’ची तर वाटणीच झाली: एक हिस्सा ‘रिक्वेस्ट’कडे, एक ‘एरर’कडे.

हे सारे हाताने दुरुस्त करण्याचा कंटाळा आमच्यासारख्यांना येणार, हे भाषेच्या कर्त्यांनी ओळखले होते. त्यांनी ‘टू-टू-थ्री’ नावाचे एक साधन दिले होते. त्याच्यापुढे जुनी आज्ञावली ठेवली की ते वजाचे चिन्ह लावून जुनी ओळ दाखवते आणि अधिकाचे चिन्ह लावून खाली नवी. आपण हुकूम दिला की जुनी प्रत बाजूला जपून ठेवते आणि नवी लिहून टाकते. आयातीची नावे बदलली, छपाईच्या आज्ञांना कंस लागले, आणि चहा निवायच्या आत आज्ञावली चालू झाली. कोठे तक्रार नाही, कोठे अडखळणे नाही. आम्ही स्वतःवर फार प्रसन्न झालो.

त्याच सुमारास आमचे अधीक्षक निवृत्त होत होते. साताऱ्याकडचे, उशिरा नोकरीत आलेले. सेवा २८ वर्षे ४ महिने. वेतन आणि महागाईभत्ता मिळून ९६,०००. प्रणालीने ग्रॅच्युइटी काढली १३,६८,००० रुपये. आमच्या आज्ञावलीने काढली १३,७२,०००. आम्ही लगबगीने त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, “साहेब, तुमचे चार हजार मारले जात आहेत!” ज्या माणसाने उभ्या नोकरीत स्वतःसाठी एक अर्ज केला नव्हता, त्याने आमच्या शब्दावर त्या रात्री जागून अर्ज लिहिला.

सकाळी तो अर्ज हाती आला आणि आमची छाती धडधडू लागली. अर्जाला हिशोब जोडावयाचा, म्हणून आम्ही आज्ञावली प्रथमच ओळीओळीने वाचली. नियम असा की, पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला वेतनाचा चौथा हिस्सा. उरलेले महिने तीन किंवा अधिक असतील तर तीही एक सहामाही. यासाठी मूळ लेखकाने महिन्यांत तीन मिळवून सहाने भागले होते. ३४० अधिक ३, भागिले ६. दुसऱ्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक आपोआप गळून पडे आणि उत्तर येई ५७. तिसऱ्या आवृत्तीत तेच चिन्ह अपूर्णांक राखते; उत्तर आले ५७ आणि वर एक षष्ठांश. त्या षष्ठांशाचे चार हजार! वेतनाचा चौथा हिस्सा काढताना मात्र त्या गृहस्थांनी मुद्दाम ‘४.०’ लिहिले होते, कारण तेथे पैसे गळून चालणार नव्हते. चिन्ह एकच, एका ठिकाणी अपूर्णांक टाकायचा होता, दुसऱ्या ठिकाणी राखायचा होता. साधनाने भागाकाराला हातच लावला नव्हता. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याने कोठून जाणावे?

आम्ही खाली मान घालून अधीक्षकांपुढे उभे राहिलो. “साहेब, चूक आमची. प्रणालीचाच आकडा बरोबर आहे.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. आम्ही सारे सांगितल्यावर म्हणाले, “अहो, आमचे वडील पत्रात ‘घरांत’ असे अनुस्वार देऊन लिहीत. एका घरात की अनेक घरांत, ते वाचणाऱ्याने ओळखायचे. १९६२ साली महामंडळाचे नवे नियम आले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले; तेवढे कोणीही डोळे मिटून करील. पण ‘घरांत’वरचा अनुस्वार पुसायचा की ठेवायचा, हे ठरवायला अख्खे पत्र वाचावे लागते.”

मग त्यांनी तो अर्ज उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर ३४३ ला ६ ने भागले. भागाकार ५७, बाकी १. त्या बाकीभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढले आणि कागद आमच्या हाती दिला. म्हणाले, “ही मोजायची नसते.”

आम्ही त्या ओळीत भागाकाराची आणखी एक तिरपी रेघ दिली. दोन रेघा दिल्या की तिसरी आवृत्तीही अपूर्णांक टाकते. ‘टू-टू-थ्री’ ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. तो पाठकोरा कागद मात्र आमच्या खणात आहे. ताळा जुळला, कोठे तक्रार नाही, असे दिसले की आम्ही तो एकदा बाहेर काढून पाहतो.